कथेचे फेरफार

सातबाऱ्यावरचं जुनं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. खातेदार वारला, जमीन विकली, भावाभावांत वाटणी झाली, काहीही झालं तरी जुनं नाव कंसात जागच्या जागी राहायचं, बाजूला फेरफार क्रमांकाचं वर्तुळ पडायचं आणि नवं नाव लागायचं. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली, की हे नाव कसं गेलं आणि ते कसं आलं याची हकिकत वाचायला मिळायची. महसूल खात्यात मी ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी सांगली जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि कागद मागायला आलेली माणसं. आज्याच्या नावाला कंस कधी पडला हे शोधत कुणी आला, की गठ्ठा सोडून त्याच्यापुढे वही ठेवणं हे माझं काम होतं आणि ते मला फार आवडायचं.

त्याच वर्षांत मी कथा लिहिल्या. २६ छापून आल्या, बहुतेक दिवाळी अंकांत. दोन संग्रह झाले. कथालेखनाच्या शिबिरांना अधूनमधून बोलावणं येतं. तिथं मुलं-मुली विचारतात, ‘कथा सुचते कशी?’ सुचल्यानंतर तिचं काय होतं, हे फार थोडे विचारतात. त्यांचा दोष नाही. त्यांनी आजवर फक्त छापील कथा पाहिल्या आहेत. मराठी कथेचा उतारा मिळतो, फेरफार मिळत नाही. कुठलं वाक्य कुणामुळे गेलं, शेवट कितव्यांदा लिहिला, कुठल्या माणसाच्या तोंडची गोष्ट कुणाच्या तोंडी गेली, याची नोंद कुठंच नाही. म्हणून नव्याने लिहिणाऱ्याला वाटतं, जमणाऱ्यांना एका बैठकीत जमतं आणि आपल्याला जमत नाही म्हणजे आपल्यात ते नाहीच. अशी हात टेकलेली चांगली मुलं मी पाहिली आहेत. कथेचे खर्डे जपले पाहिजेत, दाखवले पाहिजेत आणि ते ठेवायला जागा केली पाहिजे, हे मला तळमळीने सांगायचं आहे ते यासाठी.

माझ्याच एका कथेपासून सांगते, कारण तिचे कागद माझ्याजवळ आहेत.

१९९४ च्या उन्हाळ्यात मी ‘अंगठा’ लिहायला घेतली. आमच्या आवारातच दुय्यम निबंधकांचं कार्यालय होतं. सणासुदीला माहेरी आलेल्या बहिणी तिथं हक्कसोडपत्र करून द्यायला यायच्या. भाऊ आदल्या दिवशी साडी घ्यायचा आणि बहीण ती नवी साडी नेसून, घडीच्या रेघा तशाच असलेली, बाकावर येऊन बसायची. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा भावांच्या नावे सोडायचा, समोरच्या हॉटेलात भजी आणि चहा घ्यायचा, चारच्या एसटीने सासरी जायचं. माझ्या कथेतल्या बाईचं नाव सुभद्रा.

पहिला खर्डा जुन्या परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिला आहे. चौदा पानं. त्यात एक कारकून ही गोष्ट सांगतो. सुभद्रा अंगठा देताना रडते आणि शेवटची दोन पानं कारकून वारसा कायद्याचा विचार करत बसतो. त्या जूनमध्येच महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला होता, पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्यांना वगळलं होतं. सुभद्रेचं लग्न होऊन वीस वर्षं झालेली. मला त्याचा संताप आला होता आणि तो सगळा मी त्या दोन पानांत, कलमासकट, ओतला होता.

दुसऱ्या खर्ड्यात गोष्ट भावाच्या बाजूने लिहिली. अकरा पानं. तो जमला नाही. भाऊ एका पानावर लबाड व्हायचा, दुसऱ्या पानावर बिचारा, आणि दोन्हीकडे मीच त्याला ढकलत होते. पण ती अकरा पानं फुकट गेली नाहीत. भावाने साडीच्या दुकानात तिसऱ्या मजल्यावरची महाग साडी हातात घेऊन परत ठेवली, हा प्रसंग तिथंच सापडला आणि तो शेवटपर्यंत टिकला. तिसऱ्या खर्ड्यात कारकून काढला, कायदा काढला, नऊ पानं राहिली. ती मी एका दिवाळी अंकाला पाठवली.

ऑगस्टच्या सुरुवातीला संपादकांचं आंतरदेशीय पत्र आलं. कथा घेतो की नाही याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. एकच प्रश्न होता: ‘तुमची सुभद्रा आठव्या पानावर रडते. तिला रडताना तुम्ही पाहिलं, की तिनं रडावं असं तुम्हाला वाटलं?’

मला राग आला. मी रोज त्या आवारात वावरत होते, मला काय विचारता? पण नागपंचमी आली, लेकीबाळी माहेरी आल्या, आणि मी जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन आठवडाभर त्या खोलीच्या दारात उभी राहिले. एकही बाई रडली नाही. अंगठा देऊन झाला की प्रत्येक बाई आधी इकडेतिकडे बघायची. शाई कशाला पुसू? नव्या साडीला पुसणार कशी? टेबलावरची चिंधी भरून गेलेली. मग ती भिंतीकडे वळायची आणि अंगठा भिंतीला पुसायची. कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत ती भिंत शाईच्या बोटांनी काळीनिळी झाली होती. शेकडो बायकांची बोटं, एकावर एक.

घरी येऊन पहिला खर्डा काढला. तिसऱ्या पानावर मधेच एक ओळ होती: ‘भिंत शाईने घाण झाली होती.’ खोलीचं वर्णन करताना सहज लिहून गेलेली. जे मी कथाभर शोधत होते ते पहिल्याच दिवशी माझ्या हाताने लिहिलं होतं आणि माझं मलाच दिसलं नव्हतं. चौथा खर्डा सहा पानांचा झाला. सुभद्रा भिंतीपाशी जाते, आधीच्या ठशांत जरा मोकळी जागा शोधते, अंगठा पुसते, तिथं कथा थांबते. दिवाळीला ती छापून आली. माझ्या कथांपैकी लोकांच्या लक्षात राहिलेली बहुधा तेवढीच.

ती सहा पानं ज्याने वाचली, त्याला भिंत शेवटी येते हे अगदी स्वाभाविक वाटतं. चौदा पानं हाती असतील तर कळतं की ती भिंत तिसऱ्या पानावरून उचलून शेवटी न्यायला एक रागाचा आठवडा आणि एका परक्या माणसाचा प्रश्न लागला. कथा कशी लिहितात हे मला कुणी विचारलं, तर मी ही दोन कागदांची जोडी पुढे ठेवते. शिबिरातल्या तासाभराच्या भाषणात जे सांगता येत नाही ते मुलांना दहा मिनिटांत दिसतं.

अमेरिकेत रेमंड कार्व्हर नावाचा कथाकार होऊन गेला. १९३८ चा जन्म, पन्नासाव्या वर्षी गेला. १९८० साली त्याने कथांचं हस्तलिखित क्नॉफ या प्रकाशनसंस्थेतल्या गॉर्डन लिश या संपादकाच्या हाती दिलं. लिशने शब्द कापले, परिच्छेद कापले, शेवट बदलले, शीर्षकं बदलली. एकूण मजकूर निम्म्याहून खाली आला. बदललेली प्रत पाहून कार्व्हर हादरला. ८ जुलै १९८० ला त्याने लिशला लांबलचक पत्र लिहून हे पुस्तक थांबव अशी अक्षरशः विनवणी केली. पुस्तक थांबलं नाही. १९८१ मध्ये ‘व्हॉट वुई टॉक अबाउट व्हेन वुई टॉक अबाउट लव्ह’ या नावाने ते आलं आणि कार्व्हरचं नाव झालं, तेही त्याच्या काटकसरीच्या शैलीसाठी.

त्यातली एक कथा मी दोन्ही रूपांत वाचली आहे. एका मुलाच्या वाढदिवसासाठी आई बेकरीत केक सांगते. वाढदिवसाच्या दिवशीच मुलाला गाडीची धडक बसते, तो दवाखान्यात बेशुद्ध पडून असतो. बेकरीवाल्याला यातलं काही ठाऊक नाही. केक न्यायला कुणी आलं नाही म्हणून तो घरी फोन करत राहतो. लिशने छोटी केलेली कथा, ‘द बाथ’, अशा एका फोनवरच संपते. मुलाचं काय झालं ते कळत नाही, बेकरीवाला हा अंधारातला आवाजच राहतो. कार्व्हरच्या मूळ कथेत मुलगा जातो. आईबाप रात्री संतापून बेकरीत जातात, आणि सगळं कळल्यावर तो माणूस त्यांना बसायला खुर्च्या देतो, माफी मागतो, गरम पाव पुढे ठेवतो. तिघं पहाटेपर्यंत बोलत बसतात. कार्व्हरने ही लांब कथा ‘अ स्मॉल, गुड थिंग’ या नावाने १९८३ च्या ‘कथीड्रल’ संग्रहात घातली. छोट्या कथेत धाक आहे, ती चटका लावते, हे मला मान्य आहे. तरी मी लांब कथेच्या बाजूची. मेलेल्या मुलाच्या आईला भूक लागते आणि ती पाव खाते, हे लिहायला जे धैर्य लागतं ते कात्रीत नसतं.

पण माझं मत बाजूला ठेवा. मत बनवायला दोन्ही कागद मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. लिशने आपले कागद इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयाला दिले होते. त्यात कार्व्हरच्या टंकलिखित प्रती होत्या, लिशच्या पेनाच्या खाडाखोडीसकट. त्या खुणांखालची मूळ अक्षरं वाचून अभ्यासकांनी कथा जशाच्या तशा उभ्या केल्या आणि २००९ मध्ये ‘बिगिनर्स’ हे पुस्तक निघालं. ज्या माणसाने कापलं त्याच्याच कपाटातल्या कागदांनी लेखकाची मूळ अक्षरं परत दिली. स्वतः कार्व्हर एका मुलाखतीत म्हणाला होता की एका कथेचे दहा-बारा खर्डे तर होतातच, कधी वीस-तीसही होतात, आणि मोठ्या लेखकांची खाडाखोड पाहून आपल्याला धीर येतो. ‘धीर’ हा माझा शब्द. त्याच्या बोलण्याचा सूर तोच आहे.

आणि कागद जपले नाहीत, किंवा जपू दिले नाहीत, तर काय होतं? रशियन कथाकार इसाक बाबेल याच्याकडे पाउस्तोव्स्की या लेखकाने कागदांचा एक जाड गठ्ठा पाहिला होता. त्याला वाटलं कादंबरी असावी. बाबेलने सांगितलं, एकाच कथेचे हे बावीस खर्डे आहेत. पाउस्तोव्स्कीच्या आठवणींतला हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन. मे १९३९ मध्ये बाबेलला अटक झाली, कागद जप्त झाले, जानेवारी १९४० मध्ये त्याला गोळी घातली. ते जप्त कागद आजवर सापडलेले नाहीत. रेकॉर्ड रूममध्ये आयुष्य काढलेल्या बाईला हे वाक्य लिहितानाही जड जातं.

खर्ड्यावर काम करणं आपल्याकडे नव्हतं असं नाही. ‘सत्यकथा’ हे मासिक १९३३ मध्ये सुरू झालं, १९८२ मध्ये बंद पडलं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रांतून कथेच्या एकेका जागेबद्दल बोलत. धारवाडला कथाकार जी. ए. कुलकर्णी आणि गिरगावात ‘सत्यकथा’ चालवणारी मौजेची मंडळी, मधे फक्त टपाल, आणि त्या टपालावर कथांचं काम चालायचं. जी. एं.ची निवडक पत्रं खंडाखंडांनी छापून आली म्हणून तो लेखक आपल्याला कथांच्या बाहेरही भेटतो. १९६९ मध्ये तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. त्यांच्या रागाला कारणं होती, ती मी नाकारत नाही. पण त्या होळीनंतर आणि पुढे मासिकच बंद पडल्यावर, लेखकाला प्रश्न विचारणारा संपादक ही चालच हळूहळू मोडली. आता बहुतेक अंकांकडून जूनमध्ये फोन येतो, ‘पंधरा जुलैपर्यंत द्या.’ कथा पाठवली की उत्तर येतं, ‘मिळाली.’ मग एकदम छापील अंक. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा मराठीचा अभिमान आहे आणि तो मलाही आहे. त्या अंकांचे संपादक कमी पैशात, कमी माणसांत काम करतात, हेही मी जवळून पाहिलं आहे. तरी मी मागणं मागते: कथा महिनाभर आधी मागवा आणि लेखकाला एक प्रश्न विचारा. एकच पुरे.

दुसरी गोष्ट संगणकाची, आणि इथं मी माझी चूक सांगते. २०१६ मध्ये मी बेदाणा शेडवर काम करणाऱ्या मुलीची कथा लिहिली. जाळीवर पसरलेले द्राक्षांचे घड, गंधकाची धुरी, निवडताना बोटांना लागणारा चिकटा. पहिल्यांदाच थेट संगणकावर लिहिली. एका अंकाने ती छापताना मधला एक परिच्छेद गाळला, मला न विचारता. साताठ ओळींचा. मुलगी घरी येऊन पीठ मळायला बसते आणि हाताचा गंधकाचा वास जात नाही म्हणून धाकट्या बहिणीला मळायला सांगते, एवढंच त्यात होतं. मला वाईट वाटलं, पण मी छापील मजकूरच त्याच फाइलमध्ये उतरवून घेतला आणि जतन केला. २०२१ मध्ये संग्रह करताना तो परिच्छेद परत हवा होता. तो कुठंच नव्हता. पुन्हा लिहायला बसले, चार वेळा लिहिला. प्रसंग आठवत होता, वाक्यं आठवत नव्हती. नवी वाक्यं बरी आहेत. ती मूळची नाहीत, हे मला दर वेळी वाचताना कळतं.

कागदावर खोडलेलं दिसतं. पडद्यावर खोडलेलं राहतच नाही. म्हणून नव्या लेखकांना माझं हात जोडून सांगणं आहे: रोज लिहून झालं की फाइलला तारीख घालून ती वेगळी ठेवा. जुनी तशीच राहू द्या. जमलं तर शेवटच्या दोन खर्ड्यांची छापील प्रत काढा आणि बदल हाताने, समासात करा. काकपद घालून वर लिहिलेला शब्द तुमचा हात कुठं अडला ते सांगतो.

आणि हे कागद पुढे जायचे कुठं? आपण जपणारे लोक आहोत. देहूला तुकोबांची भिजकी वही जपली आहे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा केली, २२ खंड छापले. पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. पेशवाईतल्या महसुलाचा हिशेब मला आज पाहता येतो, पण साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या उत्तम मराठी कथेचा पहिला खर्डा पाहायचा म्हटला तर कुणाच्या दारात जायचं हे सांगता येत नाही. लेखक गेला की घर रंगवायला काढतात, पुस्तकं वाचनालयाला जातात, मासिकं आणि वह्या रद्दीवाला वजनावर नेतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यातून जे काम होईल त्यात हेही घ्या. पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर आहे. शंभर वर्षांहून जुन्या अशा संस्थांना इमारत मागत नाही मी. एक कोरडी खोली, काही लोखंडी कपाटं, नोंदवही आणि गठ्ठा सोडता-बांधता येणारा एक माणूस. कचेरीत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘ड’ वर्षभरात नष्ट करायचे, ‘अ’ कायम ठेवायचे. कथांचे खर्डे ‘अ’ वर्गात घाला.

खर्डे जाळून टाकायचा हक्क लेखकाला आहे, तो कुणी काढून घेऊ नये. काही लेखकमित्र मला म्हणतात, ‘वाचकाला पक्की प्रत दिली, कच्च्या प्रतीत तो आपल्याला उघडं पाडेल.’ खरं आहे. तसं होतं.

या फेब्रुवारीत एम. ए. करणारी एक मुलगी माझ्याकडे ‘अंगठा’चे कागद पाहायला आली. मी लाल कापड सोडून चारही खर्डे जाजमावर मांडले आणि चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती पहिल्या खर्ड्याच्या पहिल्या पानावर वाकली होती. ‘ताई, हे नाव खोडलं नाहीये. याला कंस का केलाय?’

मी चष्मा लावून पाहिलं. कचेरीची सवय. नाव बदलताना खोडायच्या ऐवजी कंस केला होता आणि वर ‘सुभद्रा’ लिहिलं होतं. कंसात माझ्या आईचं नाव होतं.

ही कथा कचेरीत पाहिलेल्या बायकांची आहे असं मी तीस वर्षं सांगत आले. माझ्या आईने १९७१ साली मामांना हक्कसोडपत्र करून दिलं होतं. तेव्हा मी आठ वर्षांची होते, तिच्याबरोबर गेले होते, आणि मला त्या दिवसाची फक्त भजी आठवत होती. ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वही काढली, वर तारीख घातली आणि पहिल्या खर्ड्यातलं ते पान ओळीन् ओळ उतरवून घ्यायला लागली, कंसासकट.